बेअर ॲक्ट

अंगानं किरकोळ. कागद पातळ, छपाई बारीक, पुठ्ठा नावापुरता. दोन-चार महिने दप्तरात काढले की कोपरे वळतात, शिवण सैल होते, मधली पानं सुटून हातात येतात. तरीही नांदेडचं नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय असो की लातूरचं दयानंद विधी महाविद्यालय, फौजदारी कायदा शिकायला बसलेल्या पोराच्या हाती जे पहिलं खरं पुस्तक पडतं ते हेच. टीकाकारांचे जाडजूड ग्रंथ ग्रंथालयाच्या कपाटात बसलेले असतात. बेअर ॲक्ट पोरांबरोबर राहतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीत उभ्यानं येतो, मेसच्या टेबलावर वरणाचे डाग अंगावर घेतो, खोलीवर उशाशी झोपतो.

त्याला स्वतःचं मत नाही. कुणी समजावून सांगितलेलं, कुणी सोपं करून दिलेलं असं त्याच्याजवळ काही मिळत नाही. कायदेमंडळानं जे शब्द मंजूर केले ते स्वल्पविरामासकट पुढं ठेवायचे, एवढंच त्याचं काम. त्यामुळं नव्या माणसाला तो तुसडा वाटतो. गाईड दोन ओळींत उरकतं ते हा अर्धं पान भरणाऱ्या एकाच वाक्यात सांगतो. ‘जो कोणी’पासून सुरुवात करतो आणि शिक्षेपर्यंत पोचेतो वाचणाऱ्याला दम लागतो. शिक्षा सांगून झाली तरी थांबत नाही. पुढं ‘परंतु’ येतं, ‘स्पष्टीकरण’ येतं, ‘अपवाद’ येतो. पोरं सुरुवातीला हे सगळं गाळून कलम पाठ करतात. चांगले शिक्षक तिथंच अडवतात आणि आधी अपवाद वाचायला लावतात, कारण निर्दोष माणूस पुष्कळदा त्या अपवादाच्या आडोशाला उभा असतो. सात वर्षांखालच्या लेकराचं कृत्य गुन्हा होत नाही, जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार गुन्हा होत नाही, हे त्यानं गुन्ह्यांची प्रकरणं उघडण्याआधीच सांगून ठेवलंय. आरोप करण्याआधी सुटकेची वाट दाखवणारा हा स्वभाव मला फार मोठा वाटतो.

त्याच्या पोटात दोन माणसं कायम राहतात, ‘क’ आणि ‘य’. मराठी आवृत्तीतली जवळजवळ सगळी उदाहरणं या दोघांची. ‘क’ काहीतरी करतो आणि ‘य’ ते सोसतो. ‘क’ खड्ड्यावर काटक्या आणि गवत अंथरून ठेवतो. ‘य’ त्यावर पाय देतो आणि मरतो. ‘क’ खिशात खाऊ ठेवून ‘य’च्या कुत्र्याला मागं यायला लावतो, कुत्रं चालू लागलं की चोरी झाली. खजिन्याची पेटी पाठीवर असलेला बैल ‘क’ला वाटेत भेटतो आणि तो त्याला आपल्याला हव्या त्या दिशेला हाकतो. बैलानं पहिलं पाऊल टाकलं त्याच क्षणी गुन्हा पुरा, पेटी उघडायचीसुद्धा गरज नाही. माळेगावच्या यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात वाढलेल्या पोरांना हे उदाहरण एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. इंग्रज साहेबानं लिहिलेला तो बैल आमच्या वर्गात अगदी घरचा होऊन जातो.

या पुस्तकाचं वय म्हणाल तर मोठं आहे. मेकॉलेच्या कायदा आयोगानं १८३७ मध्ये मसुदा तयार केला, १८६० मध्ये तो भारतीय दंड संहिता म्हणून मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. मराठवाड्यात मात्र तो उशिरा आला. इथं निजामाचा अंमल, हैदराबाद संस्थानाचा वेगळा दंडविधी आणि उर्दूतला कारभार. पोलीस ॲक्शन झाली १९४८ च्या सप्टेंबरात, आणि केंद्राच्या कायद्यानं दंड संहिता हैदराबाद राज्यात आली ती १ एप्रिल १९५१ पासून. मधल्या काळात देशाला संविधान मिळालं होतं. म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या आजोबांनी हे पुस्तक गोऱ्या सरकारच्या हातात पाहिलं. आमच्याकडं ते संविधानाच्या मागून, त्याचं बोट धरून आलं. हा फरक नांदेडच्या वर्गात मुद्दाम सांगण्यासारखा आहे. दरोड्याचं कलम शिकवताना पाच किंवा अधिक माणसं हा आकडा येतो, आणि नांदेड जिल्ह्यात दरोडा म्हटलं की उमरीची बँक आठवतेच. १९४८ च्या जानेवारीत हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनी ती लुटली. निजामाच्या दृष्टीनं तो दरोडा होता, लोकांच्या मनात ती लढाई राहिली. कायद्याचं पुस्तक लोकांनी आपलं मानावं तर त्याच्यामागं लोकांनी स्वीकारलेलं संविधान असावं लागतं, हे शिकवायला दुसरं उदाहरण शोधत जायला नको.

१ जुलै २०२४ ला जुना बेअर ॲक्ट निवृत्त झाला. त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली. सोबत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ५३१ कलमांची नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी १७० कलमांचा साक्ष अधिनियम. त्या वर्षी कायद्याला असलेल्या एका विद्यार्थ्याची प्रत माझ्या पाहण्यात आहे. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वहीचा कागद डकवलेला, त्यावर लाल पेनानं दोन रांगा. ३०२ समोर १०३. ३०७ समोर १०९. ३७९ समोर ३०३. ४२० समोर ३१८. ४९८-अ समोर ८५. मग रेघ मारून प्रक्रियेची कलमं: ४१ समोर ३५, १५४ समोर १७३. कागदाच्या घडीवर ३०२ चा आकडा बोटानं पुसट झालाय, इतक्यांदा तिथं बोट गेलंय. वीस-पंचवीस वर्षं ठाण्यात काढलेल्या हवालदारांना ते दिवस अवघड गेले. आयुष्यभर झोपेतही अचूक येणारी कलमं एका रात्रीत बदलली, आणि कायदा शिकणाऱ्या पोरापोरींना ‘बाळा, ह्याचं नवीन कलम कोणतं रे?’ असं घरातले, गावातले खाकीवाले विचारू लागले.

जुना पुरता गेलेला नाही. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते, त्यामुळं न्यायालयात अजून कितीतरी वर्षं दोघं शेजारी शेजारी बसतील. नव्यानं जुन्याकडून बरंच जसंच्या तसं घेतलंय, तो बैल आणि ती पेटीसुद्धा. काही नवंही शिकलाय. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर आता समाजसेवेची शिक्षा आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञानं जायचं, झडतीचं चित्रण करायचं, फिर्याद कुठल्याही ठाण्यात द्यायची, या गोष्टी प्रक्रियेच्या पुस्तकात आल्या आहेत. यातलं प्रत्येक कलम ठाण्यात बसलेल्या कुणातरी शिपायाच्या हातून अमलात यायचंय.

आणि नेमकी इथंच मला तळमळ वाटते. कारण तो शिपाई होऊ पाहणाऱ्या पोराची आणि या पुस्तकाची गाठच पडत नाही.

नांदेड-लातूरच्या कुठल्याही मैदानावर पहाटे जाऊन बघा. अंधारात पोरंपोरी पळताहेत. कुणी कंधारचा, कुणी निलंग्याची, कुणी उदगीरचा. बापाची दोन-तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनचा भाव दरवर्षी रडवणारा, आणि घराला एकच आशा, पोरगं भरती होईल. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. पोरांचा गोळा ७.२६० किलोचा, पोरींचा ४ किलोचा. मैदानाचे गुण ५०, त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर. इतक्या गर्दीतून अर्ध्या गुणानं मागं राहिलेलं पोरगं पुन्हा वर्षभर पळत राहतं. त्याच्या जिद्दीपुढं मी मान तुकवतो. पण त्याची पिशवी उघडून बघा. बूट, टॉवेल, भिजवलेले हरभरे, प्रश्नसंच. बेअर ॲक्ट नाही. परीक्षेत नफा-तोटा विचारतात, समास विचारतात. अटक कशी करायची हे विचारत नाहीत. ते भरती झाल्यावर, बाभळगावच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी, परेड आणि शस्त्राच्या सरावाच्या जोडीनं काही महिन्यांत शिकायचं. अंगावर वर्दी आधी येते, पुस्तक मागाहून.

माझ्या ओळखीचे एक बहीण-भाऊ आहेत, मुखेडकडचे. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला, फौजदार व्हायचंय म्हणते. तो बारावी करून शिपाई भरतीची तयारी करतो. नांदेडला दोघं एकाच खोलीत राहतात. एका संध्याकाळी तो मैदानावरून येऊन पाय चोळत बसला होता आणि ती मोठ्यानं साक्ष अधिनियमाचं कलम २३ वाचत होती. पोलिसापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, अशा अर्थाचं ते कलम आहे.

“काय वाचूलालीस ताई? म्हणजे आमच्यासमोर त्यानं कबूल केलं तरी कोर्टात चालत नाही?”

“नाही चालत.”

“आणि दोन ठेवून दिल्यावर कबूल केलं तर?”

“अरे, त्यासाठीच तर हे कलम हाय. पोलीस दोन ठेवून देईल हे कायदा करणाऱ्यांना तवाच ठाऊक होतं.”

“मग पोलिसावर भरवसाच नाही की त्यांचा.”

ती जरा थांबली. मग म्हणाली, “कबुलीवर नाही. पण कबुलीतून एखादी वस्तू काढून दाखवलीस, चाकू म्हण, कापड म्हण, तर तेवढं चालतंय. डोकं लाव, हात लावू नको, असं म्हणूलालंय ते.”

तो बराच वेळ गप्प राहिला. पुढं त्यानं तिच्याकडून पुस्तक मागून घेतलं आणि ते कलम स्वतः दोनदा वाचलं. मी कायद्यावरची पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, त्यातल्या अनेकांनी या कलमाचा इतका नेमका अर्थ सांगितला नव्हता.

बेअर ॲक्टचा खरा स्वभाव इथं कळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे चोराला धाकात ठेवणारं पुस्तक. पण थोरल्या चुलत्यासारखा तो परक्यावर आवाज चढवण्याआधी घरच्याला दटावतो, आणि त्याच्या घरचा म्हणजे पोलीस. नागरिक सुरक्षा संहितेचं अटकेचं प्रकरण काढून वाचा. अटक करणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा तिथंच झाला पाहिजे, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही पाहिजे. कारण सांगितलं पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. अपवादाची परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर बाईला अटक नाही. यातले काही नियम १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घालून दिले आणि पुढं ते कायद्यातच आले. एकेका ओळीमागं कोठडीत गेलेला कुणीतरी माणूस आहे.

काही ओळी तर महाराष्ट्रातल्याच जखमांतून आल्या. १९७२ मध्ये गडचिरोलीकडच्या देसाईगंज ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं. तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये दंड संहितेत कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं, पुरावा कायद्यातही बदल झाला. वर्गात कायदा शिकवणारी माणसं पुस्तक बदलू शकतात, याचा याहून मोठा दाखला माझ्याजवळ नाही.

आमच्या मराठवाड्याचंही एक पान त्यात आहे. १९८४ चा शरद बिरधीचंद सारडा खटला. घटना पुण्यातली, पण मृत विवाहितेचं माहेर बीडचं, आणि तिनं बीडला लिहिलेली पत्रं पुराव्यात महत्त्वाची ठरली. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना नुसत्या परिस्थितीवरून दोषी ठरवायचं तर साखळीची प्रत्येक कडी कशी पक्की हवी, याची पाच सूत्रं सर्वोच्च न्यायालयानं या निकालात घालून दिली. विद्यार्थी त्यांना पंचशील म्हणतात. बेअर ॲक्टमध्ये ती छापलेली नसतात, पोरं ती समासात पेन्सिलीनं लिहून घेतात. तपासात एक कडी ढिली राहिली की आरोपी सुटतो. ती कडी पुष्कळदा घटनास्थळी सगळ्यात आधी पोचलेल्या शिपायाच्या हातची असते. त्यानं गर्दी हटवली का, रक्ताचा डाग पुसू दिला का, मुद्देमाल पंचांसमोर सीलबंद केला का, वेळ बरोबर लिहिली का. मोठमोठे खटले या बारीक गोष्टींवर उभे राहतात आणि पडतात.

रात्री अडीच वाजता ठाण्यात फिर्याद घेऊन आलेली बाई पहिल्यांदा ठाणे अंमलदाराला भेटते, अधीक्षकांना नाही. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून तो तिला परत पाठवतो की कलम १७३ प्रमाणे तिथंच नोंद करून घेतो आणि प्रत मोफत देतो, यावर त्या बाईचा सरकारवरचा विश्वास ठरतो. साठीच्या पुढच्या म्हाताऱ्याला आणि बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात ओढत आणायचं नाही, घरी जाऊन विचारायचं, हे पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. वाचलेल्या शिपायाला ते ठाऊक असतं. न वाचलेला साहेबाच्या हुकमाची वाट बघतो.

२०२४ च्या डिसेंबरात परभणीत कायदा शिकणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या बातमीनंतर आमच्याकडच्या वर्गांत अटकेचं प्रकरण शिकवणं फार जड गेलं. समोर बसलेल्यांत उद्याचे वकील होते, उद्याचे पोलीस होते, आणि सगळ्यांच्या हातात तेच पातळ पुस्तक होतं. एका मुलानं विचारलं, “सर, हे सगळं लिहिलेलं असून असं होतंच कसं?” लिहिलेलं आणि वाचलेलं यात जे अंतर आहे, तिथं माणसं मरतात, एवढंच त्याला सांगता आलं.

म्हणून मागणं आहे, आणि ते दोघांकडं आहे. भरतीचे नियम करणाऱ्यांनी १०० गुणांच्या लेखी परीक्षेतले निदान २५ गुण कायद्याला द्यावेत. अटक, फिर्याद, पंचनामा, संविधानाची कलमं २० ते २२, एवढंच विचारावं. मराठवाड्यातली पोरं एकदा गुण दिसले की काय पाठ करतात हे साऱ्या राज्यानं दहावी-बारावीच्या लातूर पॅटर्नमध्ये पाहिलंय. आणि मैदानावर पळणाऱ्या माझ्या पोरांनो, पोरींनो, नियम बदलायची वाट बघू नका. पळण्याच्या बुटांच्या किमतीपुढं हे पुस्तक काहीच नाही. नागरिक सुरक्षा संहितेची मराठी प्रत घ्या, अटकेचं प्रकरण काढा, कलम ३५ पासून ६२ पर्यंत, आणि रोज एक कलम वाचा. महिन्याभरात संपतं.